धाकट्याचे बूट आणि माझं तोंड

आमचा धाकटा बूट करतो. दुकानात काचेमागे मांडलेले असतात तसले नाही. ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, ज्याची टाच वाकडी आहे, ज्याची बोटं मशीनमध्ये गेली, त्या माणसांचे बूट. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याची खोली आणि औषधांचं गोदाम यांच्या मधे एक लांबट खोली आहे. तिथे तो बत्तीस वर्षं बसतोय. असे बूट करणारा या शहरात दुसरा नाही. आजूबाजूच्या चार शहरांतही नाही. मी उगाच बोलत नाही, चारही ठिकाणी विचारून आलोय.

माझा धंदा सामान हलवायचा. घरं, हापिसं, शाळा, कोर्टाची दप्तरं, सगळं हलवलंय. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन न थांबता तीन मजले चढलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला येऊन भेटा. आता गुडघे कुरकुरतात, पण आवाज तोच आहे. जिन्यात सामान असलं की वरच्या माणसाने ओरडावं लागतं, "डावीकडे घे, टेकव, उचल." खालच्याला ऐकू गेलं नाही तर बोटं जातात. चाळीस वर्षं असं ओरडल्यावर हळू कसं बोलतात ते माणूस विसरतो. आमची ही म्हणते, "तुम्ही कानात सांगितलेलं गुपित दोन घरं सोडून तिसऱ्याला कळतं."

मी सातवी, धाकटा दहावी. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला वाढवला तो मी. लहानपणी तो एवढासा, पण डोकं असं की सतराचा पाढा उलटा म्हणायचा. घरी कुणी आलं की मी त्याला स्टुलावर उभा करायचो. "हं, बोल. आता उलटा बोल." तो बोलायचा, सगळं बरोबर बोलायचा, आणि कान लाल व्हायचे. आई म्हणायची, "पुरे रे, लाजतोय तो." मी म्हणायचो, "लाजायला काय झालं? येतंय ना त्याला?" पाहुणे टाळ्या वाजवायचे. पुढे पुढे कुणी येणार असं कळलं की हा गायब. एकदा कोळशाच्या खोलीत सापडला. मला वाटलं, खेळतोय.

त्याला धंद्याला लावला तोही मीच. दवाखान्यातल्या खाटा हलवायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा त्या लांबट खोलीत एक म्हातारे कारागीर एकटेच बसलेले दिसले. हाताखाली माणूस नव्हता. मी लगेच म्हटलं, "माझा भाऊ आहे ना! चामड्यात त्याचा हात धरणारा नाही." धाकट्याने तोवर चामडं हातात घेतलं असेल तर फक्त स्वतःची चप्पल घालताना. दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन उभा केला. म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय शिवलंयस आजवर?"

"काही नाही. दादाने थाप मारली," धाकटा म्हणाला.

मला घाम फुटला. पण म्हातारे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "खरं बोलणारा पाहिजेच होता. इथे माप खोटं सांगितलं तर माणूस पडतो." ठेवून घेतला.

म्हातारे गेल्यावर धाकट्याने पहिली गोष्ट कुठली केली, तर काम करायचं टेबल फिरवलं. आधी ते दाराकडे तोंड करून होतं. आता भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ. मी म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक आलं तर दिसणार कसं?"

"ऐकू येतं."

"पण गिऱ्हाइकाला तुझी पाठ दिसणार. बरं दिसतं का ते?"

"दादा, दारापासून खुर्चीपर्यंत नऊ पावलं आहेत. ती त्यांना कुणी बघितलेली नको असतात."

तर हा असा माणूस. गिऱ्हाईक आत येतं, याचं डोकं खाली, हातात चामडं कापायची रापी. माणूस खुर्चीवर बसून स्थिर झाला की मग हा वळतो आणि जणू आत्ताच कळलं अशा थाटात म्हणतो, "आलात का? बसा." तोवर त्याने पावलांच्या आवाजावरून निम्मं माप काढलेलं असतं. बूट करतो तेसुद्धा असे की उंची सगळी आत. आत कॉर्कचा थर, टाचेकडून बोटांकडे उतरता. आणि दुसऱ्या, चांगल्या पायाच्या बुटाची वरची बाजूही तेवढीच उंच शिवतो. जोडी शेजारी ठेवली तर जुळी भावंडं. खोलीत आरसा नाही. बूट घालून झाले की म्हणतो, "जरा व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे, एवढं भांडं भरून आणता का? मी हात घाण करून बसलोय." माणूस भांडं घेऊन जातो, येताना लक्ष सगळं पाण्याकडे, सांडू नये म्हणून. आणि हा भिंतीकडे तोंड करून फरशीवरची पावलं ऐकतो. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला तर बूट पास. नाही आला तर म्हणतो, "उद्या या, टाके राहिलेत थोडे." टाके राहिलेले नसतात. असा भाऊ असल्यावर माणसाने गप्प बसायचं कसं, मला सांगा.

आता बाईंचं सांगतो. त्या कोण, कुठल्या शाळेतल्या, ते सांगणार नाही. त्या निवृत्त होऊन लांब मुलीकडे गेल्याला बरीच वर्षं झाली, तरीही नाही. पाय कुठला आखूड तेही मी इथे बदललंय, आणि विषय भूगोल म्हणतोय तो भूगोल असेलच असं नाही.

दवाखान्याच्या बाजूला काम असलं की दुपारी मी डबा खायला धाकट्याकडे जातो. मापाच्या खुर्चीमागे पडदा आहे, पडद्यामागे माझं स्टूल. तिथे मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी आजारात डावा पाय वाढायचा राहिला होता, दीड इंचाने आखूड. त्या आल्या तेव्हा पायात विटेएवढ्या जाड तळव्याचा काळा बूट होता, कुठल्यातरी जुन्या कारागिराचा. तो बूट त्यांच्या आधी खोलीत शिरायचा. धाकट्याने त्यांना जोडी करून दिली, आणि ती घालून त्या नव्या शाळेत नोकरीला लागल्या. तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या शाळेत रोज सकाळी सगळी मुलं रांगेत उभी असताना त्या रांगांमधून चालत पुढे जायच्या, आणि मुलांना त्यांची भीती वाटायची ती शिक्षिकेची वाटते तेवढीच.

त्या शाळेने रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधली, आणि सामान हलवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे येणारच, दुसरं कोण होतं?

चौथ्या दिवशी नव्या इमारतीच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे जमले होते. हेडमास्तर, शिक्षक, शाळेच्या कमिटीतले दोघं, पुस्तकं लावायला मदतीला आलेल्या मुलांच्या आया, आणि माझी चार माणसं. मी नुकतंच प्रयोगशाळेचं दगडी टेबल एकट्याच्या जोरावर कोपऱ्यात सरकवलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या घरात सगळेच असे का हो?"

बस. तेवढं पुरलं.

"साहेब, मी काय, नुसता जोर. कलाकार माझा भाऊ. थांबा, दाखवतोच." तेवढ्यात समोरच्या दारातून बाई येत होत्या, हातात नकाशांच्या गुंडाळ्या. "त्या बाई बघा. नीट बघा. चालताना बघा. आता सांगा, कुठला पाय आखूड?"

सगळे बघायला लागले. मीच सांगितलं होतं बघायला. कुणाला ओळखता येईना.

"डावा!" मी म्हटलं, माझ्या जिन्यातल्या आवाजात. "दीड इंच, साहेब! दीड! दिसतंय कुणाला? माझ्या भावाच्या हातचे बूट आहेत ते!"

कुणीतरी "अरे वा" म्हणालं. एका आईने टाळी वाजवली. बाई हॉलच्या मधोमध थांबल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पलीकडच्या दारापर्यंत वीसेक पावलं होती, ती त्यांना आमच्या सगळ्यांसमोरून टाकायची होती. पहिली दोन बरी पडली. तिसऱ्याला डावा पाय आपटला. दारापर्यंत पोचेस्तोवर त्या चक्क लंगडत होत्या. मी मनात म्हटलं, नवी फरशी, घसरत असेल.

दुपारी धाकट्याकडे गेलो ते उड्या मारतच. सगळं सांगितलं, टाळीसकट. त्याच्या हातात आरी होती, ती त्याने खाली ठेवली. काम करताना हा हातातलं हत्यार कधी ठेवत नाही.

"दादा, तू त्यांना खजील केलंस."

"खजील? मी काय शिवी दिली? तारीफ केली!"

"कुणाची?"

"तुझी! आणखी कुणाची?"

"आणि पाय कुणाचा होता?"

मी म्हटलं, "अरे, पण चांगलंच बोललो ना! दिसत नाही असंच म्हटलं!"

"तू म्हणेस्तोवर दिसत नव्हतं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे वळला. त्या दिवशी डब्यातलं मला काही गोड लागलं नाही.

खजील हा शब्द मी ऐकला होता, पण वापरला नव्हता. आमच्या धंद्यात लाज काढतात, पाणउतारा करतात, चारचौघांत आईबाप काढतात. ते सगळं मला येतं. घरी येऊन हिला विचारलं. ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "खजील करणं म्हणजे लाज काढणंच ना?"

"कुणाला केलंत?" तिने लगेच विचारलं.

"आधी अर्थ सांग."

ही म्हणाली, "लाज काढायला राग लागतो. समोरचा भांडायलाच आलेला असतो. मग आपणही पदर खोचून भांडतो, आणि विषय संपतो. तुमच्या मावसबहिणीने तिच्या घरी सगळ्यांसमोर मला काय म्हटलं होतं, आठवतं? 'वहिनी, तुझ्या या कोटाला दहा-बारा वर्षं झाली असतील, पण किती नीट ठेवलायस!'"

"बरोबर आहे की. नीटच ठेवलायस."

"त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खिशावर हात ठेवून बसले होते. खिशाला ठिगळ होतं. तोवर ते ठिगळ मला आठवतसुद्धा नव्हतं. आणि वर तिला 'थँक यू' म्हणावं लागलं." हिने चादर झटकली, पाणी सगळं माझ्या तोंडावर. "खजील करणाऱ्याशी भांडता येत नाही. तो आपलाच असतो, हसत असतो. आता सांगा, कुणाला केलंत?"

मी सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "देवा रे, तुमच्या तोंडाला झाकण का नाही दिलं."

मला ते स्टूल आठवलं, सतराच्या पाढ्याचं. पण ते मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

मी चूक झाली तर चूक म्हणणारा माणूस आहे, आणि हे सगळ्यांना जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळांची मोठी टोपली घेतली, धुतलेला शर्ट घातला, आणि थेट शिक्षकांच्या खोलीत गेलो. बाई कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. आत आणखी दहा-अकरा जण होते. मी टोपली त्यांच्यापुढे ठेवली आणि हात जोडून म्हटलं, "बाई, चुकलं माझं! तुमच्या पायाबद्दल मी बोलायला नको होतं!"

ज्यांना आदल्या दिवशीचं माहीत नव्हतं, त्यांनाही आता कळलं. दोघंजण वाकून टेबलाखाली बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही. फार छान फळं आहेत." हसल्या पण. ते हसू मी आजपर्यंत विसरलो नाही. हिने "थँक यू" म्हटलं असणार ते तसंच हसून.

पुढच्या आठवड्यात, दुपारी मी पडद्यामागे डबा उघडलेला, आणि व्हरांड्यातून पावलं आली. मला ऐकून कळत नाही, पण एवढं मलाही कळलं, एक हलकं, एक जड. धाकट्याने मागे हात करून मला खूण केली, हलू नकोस. मी घास तोंडात तसाच धरून बसलो.

"बूट चावतोय," बाई म्हणाल्या. "डावा. काहीतरी झालंय त्याला."

धाकट्याने बूट काढून घेतला. आत हात घालून बघितला, पायाच्या लाकडी फर्म्यावर चढवून बघितला, कॉर्क दाबून बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "बाई, खोटं सांगत नाही. बुटाला काही झालेलं नाही."

"मग मलाच झालंय," त्या म्हणाल्या. आणि मग हळूहळू सगळं सांगायला लागल्या. शाळेत कुणी वाईट वागत नव्हतं, उलट सगळे जास्तच चांगले वागत होते. त्या वर्गात शिरल्या की शिपाई खुर्ची घेऊन मागे धावायचा. एक मुलगी न सांगता त्यांच्या हातातल्या वह्या काढून घ्यायची. हेडमास्तरांनी त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला, "तुम्हाला त्रास नको." सकाळच्या रांगेतून पुढे जायचं काम दुसऱ्या शिक्षकाला दिलं.

"सहा वर्षं मी विसरले होते हो," बाई म्हणाल्या. "पायात काही आहे हेच विसरले होते. आता पाऊल टाकते ना, तर मीच मागे उभी राहून माझ्याकडे बघते. घरी एकटी असले तरी."

धाकट्याने बूट पुन्हा त्यांच्या पायात चढवला. मग म्हणाला, "जरा नळावरून भांडं..."

"ही युक्ती मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकता ना? मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तेव्हा आवडलं होतं." पण गेल्या भांडं घेऊन. परत आल्या तेव्हा निम्मं पाणी सांडलं होतं.

जाताना म्हणाल्या, "मी अर्ज दिलाय. मागच्या बाजूला दाखल्यांची खोली आहे, तिथे बसायचं काम. तिथे फारसं चालावं लागत नाही. महिनाअखेर सही होईल."

पावलं गेली. मी पडदा सारून बाहेर आलो. "आता काय करायचं?"

"मला बूट दुरुस्त करता येतो, दादा. चाल नाही येत."

"पाण्याचं भांडं चालत नाही तर दुसरं काही दे हातात. जड काहीतरी दे."

"जड देऊन काय होणार? ज्यात जीव अडकलाय असं काही पाहिजे. पायाचा विसर पडण्याएवढा जीव." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कृपा करून काही करू नकोस. काम संपव आणि ये. बोलू नकोस कुणाशी."

पण मी थोरला आहे. धाकट्याचं ऐकायची मला सवय नाही.

जुन्या इमारतीत शेवटची खेप राहिली होती, दुसऱ्या मजल्यावरचा भूगोलाचा वर्ग. तिथे एका फळीवर प्लास्टरचा उठावाचा नकाशा होता, दाराएवढा. डोंगर, दऱ्या, नद्या, समुद्र, सगळं हाताने केलेलं आणि रंगवलेलं. बाईंनी आणि मुलांनी चार वर्षं खपून केलेला. एका पर्वतावर बारीक अक्षरात त्या पोरांची नावं होती, त्यातली काही एव्हाना नोकरीला लागलेली. तो नकाशा मी डोळे बांधून खाली उतरवला असता. खरंच सांगतो, याच्या दुप्पट नाजूक काचा मी उतरवल्यात. पण मी हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, "ज्यांनी हा केला त्या बाई पुढे राहून वाट सांगणार असतील तरच उचलतो."

"तुम्हाला वाट सांगायची?" हेडमास्तर हसले. "तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, हे मला एकट्याला जमेल असं वाटत नाही."

माझी चारही माणसं माझ्याकडे बघायला लागली. एकजण जवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, ताप आहे का?"

बाई आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. वर जाताना कठड्याला धरून, एकेक पायरी. आम्ही फळी उचलली, दोन पुढे, दोन मागे, मी मागच्या कडेला. दाराशी आल्यावर मी माझी बाजू चार बोटं खाली जाऊ दिली. मुद्दाम.

"अहो! अहो, समुद्राची बाजू वर घ्या!" बाई ओरडल्या. "डोंगर घासेल चौकटीला! थांबा, मी दुसरं दार उघडते!" आणि गेल्या पुढे. मग जिन्यात. "इथे पायरी तुटकी आहे, सांभाळा! पुढचे, तुम्ही नाही, मागचे! अहो, मागचे, ऐकू येतंय का?" मला! मला ऐकू येतंय का म्हणाल्या. उलट्या चालत त्या जिना उतरत होत्या, दोन्ही हात पुढे करून, जणू फळी सुटली तर त्याच झेलणार. रस्त्यावर आलो तेव्हा त्या मधे जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. एक मोठी गाडी थांबली, ड्रायव्हर काहीतरी बोलला, बाईंनी त्याला वर्गातल्यासारखा दटावला. त्याने इंजिन बंद केलं.

मग नवी इमारत, आणि तोच हॉल. तीच माणसं इकडेतिकडे. माझं तोंड फळीला लागलेलं, मला पुढचं काही दिसत नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. धाकटा भिंतीकडे तोंड करून काय ऐकतो ते मला तेव्हा कळलं. दोन पावलं, एकसारखी, घाईघाईची, माझ्यापुढे चाललेली.

माझ्या शेजारच्या माणसालाही ते कळलं. तो त्या दिवशी हॉलमध्ये होता. त्याने तोंड उघडलं, "मालक, बाई बघा कशा..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. माझं वजन तुम्हाला माहीत नाही. तो पुढचं बोलला नाही.

नकाशा टेबलावर ठेवला. बाईंनी चारी बाजूंनी फिरून बघितला. आणि माझ्या बाजूच्या कडेला थांबल्या. एका डोंगराचं टोक तुटलं होतं, बोटभर. मी कड खाली घेतली होती तेव्हा चौकटीला लागलं असणार.

"हे तुमच्या बाजूचं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला, सगळ्या हॉलला जाईल असा. "इतकी वर्षं हेच काम करता ना? एक फळी धड धरता येत नाही?"

हेडमास्तर बघत होते, त्या आया बघत होत्या, माझी माणसं जमिनीकडे बघत होती. मी चाळीस वर्षांत कुणाच्या कपाटाला चरा पाडलेला नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मुद्दाम केलं, कशासाठी केलं, कुणासाठी केलं. कान एवढे तापले की वाटलं सगळ्यांना दिसत असतील. हात कुठे ठेवावेत ते कळेना. एवढे मोठे हात, आधी ते कुठे ठेवत होतो तेच आठवेना.

"नाही जमलं, बाई," मी म्हटलं. "चुकलं."

आणि बाहेर जायला वळलो. दारापर्यंत वीसेक पावलंच होती. पण मला माझं प्रत्येक पाऊल दिसत होतं, वरून, जणू कुणी दुसराच जड माणूस चाललाय.

बाईंची चाल काही एका दिवसात परत आली नाही. पुढचे काही महिने त्या शाळेच्या फाटकाशी, आया उभ्या असल्या की, परत लंगडायच्या. ते मला नंतर कुणाकुणाकडून कळत गेलं. पण महिनाअखेर सही व्हायच्या आधी त्यांनी अर्ज मागे घेतला, वर्ग वरच्या मजल्यावर मागून घेतला, आणि त्या तुटक्या डोंगरावर मुलांकडून नवं टोक बसवून घेतलं. पुढच्या वर्षी सकाळच्या रांगेतून पुन्हा त्याच चालत जायला लागल्या. धाकट्याला वाटलं, वेळ गेला आणि आपोआप झालं. मी त्याला काही सांगितलं नाही. हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल, आणि मग तो चिडेल, कारण त्याने काही करू नकोस म्हटलं होतं.

बाई मुलीकडे जाईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. उलट त्यांच्या ओळखीत कुणाचं घर हलवायचं निघालं की त्या आवर्जून सांगायच्या, "त्यांना नका देऊ काम, हात धड नाहीत आता त्यांचे." दोन-तीन कामं त्यातच गेली. एकदा एका माणसाने ते मला तोंडावर ऐकवलं, माझ्याच माणसांसमोर. हीपण तिथेच होती, आणि ही माझ्याकडे बघत राहिली, आता बोलतो की मग बोलतो म्हणून. मी काही बोललो नाही. बोललो असतो, तर ते फिरून बाईंच्या कानावर गेलं असतं, आणि त्यांना कळलं असतं की त्या दिवशीसुद्धा मी नकाशाकडे नाही, त्यांच्या पायांकडेच लक्ष ठेवून होतो.